आकाशातली प्रतिमा आणि जमिनीवरची साक्ष

शहाद्याजवळच्या एका विरळ रानात २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी एक लहानसे घुबड दिसले आणि जगातल्या पक्षिशास्त्रज्ञांना आपली एक यादी दुरुस्त करावी लागली. तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर त्याची एकही विश्वसनीय नोंद नव्हती. तो नामशेष झाला असावा अशीच समजूत दृढ होत चालली होती. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो एकशे तेरा वर्षांनी पुन्हा आढळला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे हा शोध धुळे जिल्ह्यातला, खानदेशाच्या भूमीतला.

या शोधाची कथा पक्षिप्रेमींना ठाऊक असते, पण तिच्यातला खरा बोध बहुधा बाजूला राहतो. रानपिंगळा इतकी वर्षे सापडला नाही याचे एक कारण जंगलात नव्हते, ते लंडनच्या संग्रहालयातल्या एका चिठ्ठीत होते. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविला असे लिहून ठेवले होते. वस्तुतः ते कातडे जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नोकरीस असलेल्या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात जमविलेले होते. संग्रहालयातून ते चोरून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, मांडवीची नोंद बाजूला सारली, जुन्या प्रामाणिक नोंदींतली ठिकाणे धरली, आणि शोध शहाद्यापर्यंत आला. एका हौशी निरीक्षकाच्या खऱ्या नोंदीने पक्षी सापडला आणि दुसऱ्या हौशी निरीक्षकाच्या खोट्या नोंदीने तो दीर्घकाळ हरवलेला राहिला. आज हजारो स्वयंसेवक भ्रमणध्वनीवरून झाडे, पक्षी, वणवे, विहिरींच्या पातळ्या नोंदवीत आहेत आणि त्या नोंदी उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांशी जुळवून पर्यावरणाची स्थिती ठरविली जात आहे. अशा वेळी ही दोन्ही उदाहरणे एकदम डोळ्यांपुढे ठेवणे बरे.

उपग्रह काय पाहतो, याविषयी सामान्य सुशिक्षितांच्या मनात पुष्कळ गैरसमज आहेत. उपग्रहाची प्रतिमा म्हणजे उंचावरून काढलेला फोटो नव्हे. जमिनीच्या लहान लहान चौकोनांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे ते आकडे असतात. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १९८७ पासून सामान्यतः दर दोन वर्षांनी वनांच्या स्थितीचा अहवाल काढते. त्यासाठी ती दीर्घकाळ ज्या भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा वापरीत आली आहे त्यांतला एक चौकोन साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा असतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्क्यांहून अधिक असली की तेवढे क्षेत्र वनाच्छादन म्हणून मोजले जाते. जमीन कोणाची, झाड कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. सरकारी राखीव जंगलातला साग आणि खाजगी बांधावरची आमराई या व्याख्येत सारखीच. व्याख्या म्हणून ती अयोग्य आहे असे नव्हे, पण महाराष्ट्राच्या भूभागापैकी साडेसोळा टक्क्यांच्या आसपास वनाच्छादन आहे हे वाक्य वर्तमानपत्रात वाचणाऱ्याने त्यातला प्रत्येक टक्का जंगलाचा धरू नये.

खानदेशात तर ही व्याख्या आणखी अडचणीत येते. सातपुड्याचे जंगल पानझडीचे. कार्तिकात जो डोंगर हिरवागार दिसतो तोच फाल्गुनात उघडाबोडका होतो, आणि सागाचे रान मार्चमध्ये आकाशातून पाहिले तर खडकाळ माळापासून ते वेगळे काढणे कठीण जाते. म्हणून वनांच्या अहवालासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा निवडतात. उलट पायथ्याच्या शेतात आदिवासी शेतकरी मोहाची झाडे कधीच तोडीत नाही. दोन एकरांच्या दादरीच्या रानात चार मोठे मोह उभे असले की वरून ते विरळ वन भासू शकते. तात्पर्य, जंगल आहे तेथे ओसाड आणि शेत आहे तेथे जंगल, असे दोन्ही प्रकारचे भास एकाच प्रतिमेत संभवतात. कोणता भास कोठे आहे हे सांगू शकतो तो तेथे पायी जाणारा माणूसच.

तरीही उपग्रहाला कमी लेखण्याचा मोह टाळला पाहिजे. सत्तरच्या दशकात देशाच्या सुमारे तेवीस टक्के भूमीवर वने आहेत असे सरकारी दप्तर सांगत असे. १९७२ ते १९७५ आणि १९८० ते १९८२ या दोन काळांतल्या प्रतिमांची तुलना करून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने दाखवून दिले, की खरे वनाच्छादन आधी सतरा टक्क्यांच्या आत होते आणि नंतर ते चौदा टक्क्यांवर आले होते. वन खात्याने पुष्कळ खळखळ केली, आकड्यांचा मेळ घालण्यात आला आणि शेवटी साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास तडजोड झाली. पण दप्तरातले जंगल आणि जमिनीवरचे जंगल या दोन भिन्न वस्तू आहेत हे देशाला प्रथम कळले ते आकाशातल्या साक्षीदारामुळे. या साक्षीदाराला कोणाची भीड नव्हती.

भीड नसणे हा त्याचा गुण. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही हा त्याचा दोष आहे, आणि खानदेशात या दोषाची किंमत मोजावी लागते ती सातपुड्यातल्या आदिवासींना. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जो आदिवासी वनजमीन प्रत्यक्ष कसत होता त्याला तिचा हक्क मिळावा, असे त्या कायद्याने ठरविले. मग यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या पाड्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की २००५ साली आपण हे रान कसत होतो हे सिद्ध कसे करावयाचे? ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्यापाशी कागद कोठून येणार? उपग्रहांच्या जुन्या प्रतिमा उपलब्ध आहेत, त्यांत शेत दिसते का पाहा, असा मार्ग निघाला. ज्यांचे शेत प्रतिमेत दिसले त्यांना तो वरदान ठरावा असाच होता. पण ज्यांचे दिसले नाही त्यांचे काय? तीस मीटरच्या चौकोनात एक एकर म्हणजे जेमतेम साडेचार चौकोन होतात. त्यातला एखादा मोहाच्या छत्राखाली गेला, एखादा शेजारच्या झुडपांत मिसळला, की शेत प्रतिमेतून नाहीसे होते आणि माणूस अतिक्रमणदार ठरतो.

या अन्यायाची जाणीव कायदा करणाऱ्यांना झाली नाही असे नाही. २०१२ साली नियमांत दुरुस्ती करून स्पष्ट सांगण्यात आले, की उपग्रहाची प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावी, त्यांच्या जागी वापरू नये. त्याच नियमावलीत जमिनीवरची घरे, बांध, विहिरी आणि दावेदार सोडून गावातल्या अन्य वृद्धांचे लेखी निवेदन हेही पुरावे म्हणून मान्य केलेले आहेत. गुजरातेत हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली न्यायालयाने फेटाळलेले दावे नियमांनुसार पुन्हा तपासावयास लावले. तेथील गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी लहान जीपीएस यंत्रे हाती घेऊन शेताच्या कडेकडेने चालत जाऊन नकाशे तयार केले आणि ते प्रतिमेवर ठेवून पाहिले. शेताचा धनी बांधावरून चालतो, शेजारी साक्ष देतो, यंत्र जागेचे अक्षांश-रेखांश टिपते, आणि मग त्या सीमेच्या आत २००५ च्या प्रतिमेत काय होते हे पाहिले जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रतिमा पाहून मग माणसाला खोटे ठरविणे आणि आधी माणसाची साक्ष घेऊन मग ती प्रतिमेशी ताडून पाहणे, या दोहोंत न्याय आणि अन्याय यांइतके अंतर आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचे आदेश दिले आणि २८ फेब्रुवारीला त्यांना स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत देशभरच्या लाखो आदिवासी कुटुंबांच्या डोक्यावर टांगलेल्या तलवारीचा दोर काही अंशी या साडेचार चौकोनांनीच वळलेला होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९६९ साली स्थापन झालेल्या यावल अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटर आहे, आणि तेथे नव्याने रान मोडून शेत केल्याच्या घटना घडल्या आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. २००५ नंतर तोडलेले जंगल २००५ पूर्वीचे शेत म्हणून कोणी सांगू लागला, तर ते उघडे पाडण्याचे सामर्थ्य प्रतिमेत आहे आणि ते वापरलेच पाहिजे. मायनर्ट्झहागेन काही फक्त इंग्लंडातच जन्माला येत नाहीत. म्हणूनच स्वयंसेवकाची नोंद तो स्वयंसेवक आहे एवढ्यावरून पवित्र ठरत नाही. तिला जागा हवी, तारीख हवी, शक्य तर छायाचित्र हवे आणि दुसऱ्या कोणी तरी तपासलेले असणे हवे.

पक्षिनिरीक्षकांनी या बाबतीत चांगला धडा घालून दिला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींवर आधारलेला आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. यांतले बहुसंख्य लोक शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसे, म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपैकीच आहेत. विचित्र वाटणारी नोंद जाणकारांकडे तपासणीस जाते; पटली नाही तर बाजूला ठेवली जाते. तरी एक उणीव राहतेच. निरीक्षक रविवारी जातो, डांबरी रस्त्याने जातो, शहराजवळच्या तळ्यावर जातो. तापी-पूर्णेच्या संगमाखाली असलेल्या हतनूरच्या जलाशयावर जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला माणसे मिळतात, कारण भुसावळ जवळ आहे. सातपुड्यातल्या दुर्गम नाल्यावर ती मिळत नाहीत. मग नकाशावर जो कोरा भाग दिसतो तो पक्षी नसल्याचा की पाहणारा नसल्याचा? येथे उपग्रह उपयोगी पडतो. जेथे रानपिंगळा दिसला आहे तेथील रानाची घनता, उंची, सागाची विरळाई प्रतिमेवरून काढावी, तशाच प्रकारचे रान आणखी कोठे आहे ते शोधावे आणि माणसे तेथे धाडावीत. पाहणाऱ्याचे पाय कोठे पोचले नाहीत हे त्याला आकाशातून दाखविता येते, ही या संयोगाची सर्वांत मोठी सोय.

सोय म्हटली की गैरसोयही सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडचे आकडे हातोहात फिरतात, त्यांतले काही उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे असतात. जमीन तापते ती हवेपेक्षा कितीतरी अधिक, पण वाचणारा ते हवेचेच तापमान समजतो आणि घाबरतो. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाने पांढऱ्या पेटीतला तापमापक एकदा मुलांना दाखविला तर हा घोटाळा निम्म्याने कमी होईल.

वणव्यांचेही तेच. फेब्रुवारी ते मे या काळात पेटलेल्या जागांच्या सूचना वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे वन खात्याच्या कर्मचाऱ्यांना आणि नाव नोंदविणाऱ्या कोणाही नागरिकाला मिळतात. पूर्वी एक चौकोन किलोमीटरभर लांबीचा असे, आता तो पावणेचारशे मीटरांवर आला आहे. पण उपग्रह दिवसातून काही ठराविक वेळीच माथ्यावरून जातो. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्याला कळत नाही. आणि शेतात पऱ्हाटी किंवा गव्हाचे काड पेटविले तर ती आग जंगलाची की शेताची, हे सीमेवर त्याला नेमके सांगता येत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या ग्रामस्थांना मात्र हे दोन्ही कळते. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने नव्वदच्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल स्वतःचे नियम करून, स्वतःचे राखणदार नेमून, दंड बसवून राखले. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या जंगलाची वाढ प्रतिमांत पाहता येईल. ती कशामुळे झाली हे प्रतिमा सांगणार नाही. राखणदार पाळीवर कोण होता, बैलगाडी कोणाची अडविली, मोहाच्या फुलांसाठी पाला जाळणे कधी थांबले, हा सारा तपशील गावाच्या आठवणीत आहे आणि तो लिहून ठेवला नाही तर एका पिढीत जाईल.

खानदेशाला अशी नोंद नवी नाही. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत पाण्याची पाळी, पाटाची गळती, कोणत्या फडात कोणते पीक, याची देखरेख पाटकरी, हवालदार, जागले करीत आणि त्यांचा मोबदला शेतकरी पिकातून देत. निरीक्षण करणाराला मानही होता आणि मोबदलाही होता. आजच्या स्वयंसेवकाला यांतले काहीच मिळत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न पाण्याचा आहे आणि त्याच ठिकाणी आकाश सर्वांत आंधळे आहे. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी बारमाही हिरवी असते. प्रतिमेत हा पट्टा भर उन्हाळ्यातही समृद्धीचे चित्र दाखवितो. पण त्या हिरव्या रंगाखाली भूजलाचा बेसुमार उपसा होतो आहे आणि विंधनविहिरी दरवर्षी अधिक खोल जात आहेत. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरक टिपून भूजलाची घट मोजणारे ग्रेस नावाचे उपग्रहांचे जोडपे २००२ ते २०१७ पर्यंत फिरत होते, २०१८ पासून त्याचे उत्तराधिकारी फिरत आहेत. त्यांची नजर लाख-दीड लाख चौरस किलोमीटरांखालच्या प्रदेशाला नीट ओळखीत नाही. ११,७६५ चौरस किलोमीटरांचा जळगाव जिल्हा त्यांच्या एका ठिपक्यात बुडून जातो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण संपूर्ण राज्यात त्या चार हजारांच्या आसपास. गावोगावच्या विहिरी कोण मोजणार? अटल भूजल योजनेने २०१९ पासून ते काम गावकऱ्यांवर सोपविण्याचा यत्न केला, आणि तिच्या यादीत जळगाव जिल्हाही आहे. ज्या बाईला दोर किती हात सोडावा लागतो हे ठाऊक आहे, तिची नोंद वहीत उतरली तर केळीच्या हिरवेपणाचा अर्थ लावता येईल.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करावी अशी व्यवस्था झाली. बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, यंत्र जागा टिपते, नोंद सातबारावर जाते. पूर्वी तलाठी चावडीत बसून पिके लिहीत असे अशी तक्रार होती. ती दूर होण्याचा मार्ग यात आहे. परंतु लाखो शेतकऱ्यांनी अशी मेहनत घेऊन भरलेली माहिती, आणि विमा, नुकसानभरपाई, पैसेवारी ठरविताना वापरली जाणारी प्रतिमा, या दोहोंत तफावत आली तर कोणाचे खरे मानावयाचे? शेतकऱ्याला ती प्रतिमा दाखविली जाईल काय? आपली नोंद का अमान्य झाली हे त्याला मराठीत लेखी कळेल काय? स्वयंसेवक आणि शेतकरी हे फुकटचे माहितीपुरवठादार आहेत, त्यांचे काम पाठविण्यापुरते, अशी वृत्ती शास्त्रीय संस्थांतही दिसते आणि सरकारी कचेऱ्यांतही दिसते. ती राहिली तर माणसे दोन वर्षांत कंटाळतील.

जळगावला बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्याच्या कक्षेतल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे हजारो विद्यार्थी दरवर्षी गावांत शिबिरे घेतात, गटारे खणतात, झाडे लावतात आणि परत येतात. मागच्या शिबिरातली झाडे जगली की नाही हे पाहण्यासही पुढचे शिबिर जात नाही. तेच विद्यार्थी दरवर्षी ऑक्टोबरात आणि मे महिन्यात त्याच गावातल्या त्याच दहा विहिरी मोजतील, त्याच नाल्याच्या काठची झाडे मोजतील, आणि भूगोलाचा प्राध्यापक ती नोंद प्रतिमेवर मांडील, तर दहा वर्षांत खानदेशाचे असे दप्तर तयार होईल जे ना हैदराबादेत आहे ना डेहराडूनला. प्रतिमांसाठी पैसे लागत नाहीत. अमेरिकेच्या लँडसॅटच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य मिळतात, युरोपच्या दहा मीटरच्या प्रतिमा दर पाच दिवसांनी मिळतात. पावसाळ्यात ढग आले की दोन्ही निरुपयोगी, आणि नेमक्या तेव्हाच वहीतली नोंद मोलाची.

वनहक्काचे अजून निकालात न निघालेले दावे ज्या गावांचे आहेत, तेथे सुनावणीच्या आधी निदान पंधरा दिवस ग्रामसभेच्या हाती त्या शिवाराची २००५ ची प्रतिमा, शेतांच्या सीमा आखलेली, नाल्या-टेकड्यांची गावातली नावे लिहिलेली, भिंतीवर लावता येईल एवढ्या आकाराची दिली जावी. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना हे करावयास नवा कायदा लागत नाही. २०१२ चा नियम पुरेसा आहे. म्हातारी माणसे त्या कागदापुढे बसून काय काय ओळखतात, ते मग सुनावणीच्या कागदांत लिहून घ्यावे.